एस्टेलच्या पट्टीतलं गाणं

झेल्निकांच्या घरात पियानो आला तो खिडकीतून. जिन्याच्या वळणावर तो अडकला, मागे जाईना की पुढे, तेव्हा हमालांनी चौथ्या मजल्यावरची खिडकी चौकटीसकट काढली आणि दोर बांधून त्याला वर ओढला. खाली अर्धी गल्ली माना वर करून उभी होती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या त्या गल्लीत फुकटचा तमाशा कुणी सोडत नसे. सेल्मा तेव्हा नऊ वर्षांची होती, एस्टेल सहाची. पियानो भिंतीला टेकला आणि हमाल घाम पुसत पाणी प्यायला लागले, तेवढ्यात एस्टेल त्याच्यापुढे उभी राहून रेडिओवरचं एक गाणं म्हणायला लागली. सेल्मा स्टुलावर चढली आणि एका बोटाने तिचे सूर शोधू लागली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

आई, डोरा, दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "झाली वाटणी. एकीला गळा, एकीला बोटं. आता भांडू नका म्हणजे मिळवली."

वडील हातमोजे कापायच्या कारखान्यात होते. रविवारी दुपारी ते खुर्ची पियानोजवळ ओढायचे, बूट काढायचे आणि म्हणायचे, "हं, काय काय आहे आज?" मग दोघी बहिणी आठवडाभरात बसवलेली गाणी ऐकवायच्या. सगळी नाटकांतलीच. त्या काळी ब्रॉडवेवर नवं संगीत नाटक लागलं, की महिन्याभरात त्यातली गाणी वाण्याचं पोरगं शिट्टीवर वाजवायचं, न्हाव्याच्या दुकानात गुणगुणली जायची. तिकीट काढून नाटक बघणारे थोडे, गाणी मात्र सगळ्यांची.

एस्टेलचा आवाज मोठा नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला तिला कष्ट पडायचे. पण वरच्या सुरांत एक जागा अशी होती, की तिथे तिचा आवाज तलम व्हायचा. आता तुटतो की काय, असं वाटायचं, आणि तुटायचा नाही. ती जागा आली की वडील डोळे मिटून घ्यायचे. सेल्मा मागून बघायची. आपण कितीही सुरेख वाजवलं तरी पापांनी डोळे मिटलेले नाहीत, हे तिला लहानपणीच कळलं होतं. त्याचा राग आला असं नाही. पण कळलं होतं.

सव्विसाव्या वर्षी सेल्मा तालमींत पियानो वाजवायची. नाटक बसतं ते सहा आठवडे वाद्यवृंद नसतो; एक पियानो आणि एक वाजवणारी बाई यांच्यावर सगळं चालतं. नाचणाऱ्यांचं तेच आठ मात्रांचं वळण शंभरदा वाजवा, नायिकेचा घसा बसला की पट्टी उतरवा, संगीतकाराने सकाळी हॉटेलच्या कागदावर खरडलेलं दुपारपर्यंत वाचता येईल असं लिहून काढा. मग एक दिवस चोवीस वादक येतात, पडद्यापुढच्या खळग्यात बसतात, आणि बाईला कुणी ओळखत नाही. सेल्माचा हात स्वच्छ होता. तिने लिहिलेले सुरांचे कागद बघून वादक म्हणायचे, हे छापलंय की लिहिलंय? लिओ ब्रॅकमन नावाचा एक संगीतकार तिच्यावाचून कामच करत नसे.

१९५४ साली ब्रॅकमनचं नवं नाटक बसत होतं. धुलाईघरात काम करणाऱ्या मुलींची गोष्ट. नायिका होती व्हिव्हियन डेल, चाळिशी ओलांडलेली, दारावरच्या पाटीवर जिचं नाव नाटकाच्या नावाहून मोठं असायचं अशी. बाकीच्या मुलींसाठी आवाज ऐकले जात होते. सेल्माने ब्रॅकमनला म्हटलं, "माझी बहीण गाते."

"सगळ्यांच्याच बहिणी गातात," ब्रॅकमन म्हणाला. तो सतत दातकोरणं चघळायचा. पण त्याने ऐकलं, आणि ऐकता ऐकता दातकोरणं तोंडातून काढून खिशात ठेवलं.

एस्टेलला इस्त्रीवाल्या मुलीची भूमिका मिळाली. अकरा वाक्यं, आणि दुसऱ्या अंकात एक गाणं. ब्रॅकमनने ते तिचा आवाज ऐकून लिहिलं होतं, पांढरी चारच्या पट्टीत, नेमकं त्या तलम जागेवर चढणारं. मुलगी आपल्या माणसाला सांगते : सोमवारी येऊ नकोस, सोमवारी हात साबणात असतात. बुधवारी कांजी, गुरुवारी इस्त्री, शुक्रवारी आई घरी, शनिवार-रविवार लोकांचे. माझा म्हणून एकच दिवस आहे, मंगळवारी ये. दोन कडवी लोक हसतात. तिसऱ्या कडव्यात मंगळवार आलेला असतो. तिने हात धुतलेत, निळा झगा घातलाय, खिडकीत बसलीय, रस्त्यावरचे दिवे लागलेत आणि कुणी आलेलं नाही. ती रडत नाही. म्हणते, हा नव्हता तर पुढचा. मंगळवार काय, येतच राहतात.

न्यूयॉर्कात पडदा उघडण्याआधी नाटक बाहेरगावी नेऊन तासून घ्यायची रीत होती. ऑक्टोबरात सगळी मंडळी बॉस्टनला गेली. दोघी बहिणींना हॉटेलात एक खोली. एस्टेल सकाळी उठल्यापासून बडबडायची. सेल्मा दात घासताना हुंकार द्यायची.

बुधवारच्या दुपारच्या प्रयोगाला बायकाच जास्त होत्या, हॅट घातलेल्या, मांडीवर खरेदीचे खोके घेतलेल्या. दुसऱ्या अंकात एस्टेल हातात इस्त्री घेऊन पुढे आली आणि गायली. शेवटची ओळ संपली. क्षणभर काहीच नाही. सेल्मा विंगेत उभी होती. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. पुढचं वाक्य व्हिव्हियन डेलचं होतं. तिने ते तीनदा सुरू केलं आणि तीनदा सोडून दिलं. 'वन्स मोअर'च्या आरोळ्या आल्या. वादकांच्या म्होरक्याने वर बघितलं, आणि एस्टेल पुन्हा गायली. पहिल्या रांगेतल्या एका बाईने हातमोजा काढून त्यानेच डोळे पुसले.

प्रयोग संपल्यावर एस्टेल सेल्माच्या गळ्यात पडली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग सेल्माच्या कॉलरला लागला. "ऐकलंस? ऐकलंस ना?"

"बहिरी आहे का मी," सेल्मा म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

गुरुवारी सकाळी आठ वाजता ब्रॅकमनने सेल्माला खाली बोलावलं. हॉटेलच्या रिकाम्या नाचघरात पियानो होता. ब्रॅकमन बसला नाही, फेऱ्या मारत राहिला.

"मंगळवारचं गाणं. पांढरी एकमध्ये उतरव. दोन वाजेपर्यंत पाहिजे. वादकांचे कागद थिएटरवर होतील, तू पियानोचा कर."

सेल्माने विचारलं नाही कुणासाठी. पांढरी एकमध्ये तिथे एकच बाई गायची. तरी ती म्हणाली, "लिओ, ते एस्टेलचं गाणं आहे."

"ते नाटकाचं गाणं आहे. काल नायिका रंगमंचावर मुकी उभी होती, पाहिलंस ना? ती म्हणते, एक तर गाणं माझं, नाही तर मी चालले. ती गेली तर नाटक गेलं. साठ माणसं घरी बसतील." तो थांबला. "आणि तालीम सुरू होईपर्यंत कुणाला सांगू नकोस. तिला तर नाहीच. दिग्दर्शक सांगणार आहे. रडारड झाली तर माझी दुपार जाईल. पुढच्या नाटकात तुला माझी सहायक म्हणून घेतोय, ठाऊक आहे ना?"

सेल्माने कागद काढला आणि लिहायला लागली. एक एक सूर तीन पायऱ्या खाली. नेहमीसारखा स्वच्छ हात. त्या तलम जागेशी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की नव्या पट्टीत तिथे काहीच अवघड उरलेलं नाही. कुणीही गाऊ शकेल. पुढे आयुष्यभर तिने स्वतःला विचारलं, की त्या वेळी आपल्याला नुसतं वाईटच वाटलं का? आणि दरवेळी उत्तर आलं, नाही. तळाशी कुठेतरी एक बारीकसा सुस्कारा होता. लहान मुलीचा, स्टुलावर बसलेल्या.

साडेअकराला कागद झाले. बारा वाजता एस्टेल तिला शोधत आली. "चल, भूक लागली. आज मी खायला घालणार."

दोघी कोपऱ्यावरच्या खानावळीत गेल्या. एस्टेलने घेवड्याची उसळ आणि गुळाचा काळा पाव मागवला, दोघींना. ती बोलतच होती. न्यूयॉर्कात पहिल्या प्रयोगाला ममाला कुठे बसवायचं, फार पुढे नको, तिला वर बघून मान दुखते. पापा असते तर. कालच्या त्या हातमोजेवाल्या बाईला तू पाहिलंस का. तिसऱ्या कडव्यात मी श्वास जरा आधी घेऊ का ग? आणि खालच्या मजल्यावरच्या मिसेस पोमरान्ट्झ नेहमी म्हणायच्या, की ही पोरगी गाते की मांजराची शेपूट दारात सापडलीय, त्यांना मुद्दाम तिकीट पाठवायचं.

"तू का गप्प?" तिने मध्येच विचारलं.

"झोप झाली नाही."

"माझ्यामुळे. मी रात्रभर कुशी बदलत होते ना? आज नाही बदलणार, शपथ." आणि तिने आपल्या पावाचा मोठा तुकडा तोडून सेल्माच्या ताटलीत ठेवला. सेल्माने तो खाल्ला. लोण्याबिण्यासकट सगळा खाल्ला.

दोन वाजता थिएटरात सगळे जमले. दिग्दर्शक सांगणार होता. त्याला कुणाचा तरी फोन आला आणि तो बाहेर गेला. व्हिव्हियन डेल चष्मा लावून पियानोशी येऊन उभी राहिली. "हं, मुली, घे." ब्रॅकमनने मान हलवली. सेल्माने सुरुवातीच्या चार मात्रा वाजवल्या.

एस्टेल मागे इतर मुलींशी बोलत होती. तिला शब्द ऐकायची गरजच पडली नाही. आपलं गाणं खाली उतरलंय हे तिला पहिल्याच सुराला कळलं. ती हळूहळू चालत आली आणि पियानोच्या बाजूला उभी राहिली. व्हिव्हियन गात होती. वाईट गात नव्हती, ते कुणीच कधी म्हणालं नाही. एस्टेल तिच्याकडे बघतच नव्हती. ती कागदाकडे बघत होती.

गाणं संपल्यावर तिने विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"हो."

"कधी?"

सेल्माने कागदाची कड सरळ केली.

"कधी, सेल्मा?"

"सकाळी."

"म्हणजे जेवताना तुला ठाऊक होतं."

ब्रॅकमन मध्ये पडला, "हे बघ पोरी, हा धंदा आहे–" एस्टेलने त्याच्याकडे मान वळवली नाही. ती फक्त म्हणाली, "मी बोलत होते आणि तू ऐकत होतीस." मग वर जाऊन तिने आपला कोट आणला आणि थिएटरच्या मागच्या दाराने निघून गेली. सेल्मा उठली, पण ब्रॅकमन म्हणाला, "अजून एकदा पहिल्यापासून घेऊ," आणि ती खाली बसली.

संध्याकाळी खोलीत एस्टेलची बॅग नव्हती. पलंग आवरलेला होता.

नाटक अकरा महिने चाललं आणि मग विसरलं गेलं. त्याचं नावसुद्धा आज कुणाला आठवत नाही. गाणं मात्र राहिलं. व्हिव्हियन डेलची तबकडी निघाली, ती घरोघर गेली. मग दुसऱ्यांनी गायलं, तिसऱ्यांनी गायलं. लग्नांत वाजलं, विमानतळांवर वाजलं. मुलांनी केस वाढवले, गिटारी आल्या, ही जुनी गाणी आता मेली असं वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि त्याच वर्तमानपत्रात भाजी गुंडाळणारा माणूस ते गाणं गुणगुणत होता. सेल्माने ते लिफ्टमध्ये ऐकलं, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून ऐकलं, एकदा एका अंत्यविधीला ऐकलं.

एस्टेल पुन्हा कुठल्याही रंगमंचावर उभी राहिली नाही. वर्षाच्या आत तिने न्यूयॉर्कजवळच्या योन्कर्समधल्या हर्ब ग्लासर नावाच्या चष्मेवाल्याशी लग्न केलं. सेल्माला बोलावणं नव्हतं. सेल्माने पत्रं लिहिली, ती न फोडता परत आली. आई दोन्ही घरी जायची, दोन्हीकडे रडायची. एकदा सेल्माला म्हणाली, "मला दोन मुली होत्या. आता एक मुलगी आहे, आणि आणखी एक मुलगी आहे. दोन नाहीत." आईच्या अंत्यविधीला दोघी एकमेकींकडे न बघता कबरीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. माती टाकताना फावडं एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायला नको म्हणून एस्टेलने ते मातीत रोवून ठेवलं. ज्यूंचा रिवाजही तसाच आहे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

ब्रॅकमनच्या पुढच्या नाटकात सहायक दुसराच कुणी होता. सेल्मा तालमींत वाजवत राहिली. तिने लग्न केलं नाही. एक बासरीवाला काही वर्षं यायचा, मग यायचा थांबला. दरवर्षी ज्यूंच्या नव्या वर्षाच्या सणाला ती योन्कर्सला फोन लावायची. फोन नेहमी हर्ब उचलायचा. भला माणूस.

"हर्ब, सेल्मा बोलतेय. सणाच्या शुभेच्छा."

"तुम्हालाही, सेल्मा. ती घरात नाहीये."

मागे भांडी धुतल्याचा आवाज यायचा. हर्ब जरा थांबून म्हणायचा, "बरी आहे. मुलगी झाली. मार्शा." किंवा, "बरी आहे. गुडघा दुखतो." एवढं ऐकून सेल्माचं वर्ष निघायचं.

साठी उलटल्यावर तिला एक काम मिळालं. राहत्या वस्तीतल्या वाचनालयाच्या तळघरात दर बुधवारी दुपारी पियानोभोवती लोक जमायचे आणि जुनी नाटकांतली गाणी म्हणायचे. आधी म्हातारेच यायचे. मग एक परिचारिका यायला लागली, डबा खायच्या सुट्टीत. एक बसवाला, एक शाळामास्तरीण, डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेली एक शिंपीण, जिला धड इंग्रजी येत नव्हतं पण तीस गाणी तोंडपाठ होती. बसवाल्याला सेल्माने एकदा विचारलं, "तुझ्या वयाची गाणी सोडून इथे कशाला मरायला येतोस रे?"

तो म्हणाला, "माझ्या वयाच्या गाण्यांत गाणाराच सगळं रडून घेतो, मॅडम. यांत माझ्यासाठी शिल्लक ठेवलेलं असतं."

मंगळवारचं गाणं दर बुधवारी मागितलं जायचं. सेल्मा वाजवायची. पहिली दोन कडवी सगळे हसत म्हणायचे, तिसऱ्याला आपोआप आवाज खाली यायचे, आणि त्या तळघरात प्रत्येकजण आपापल्या खिडकीत बसलेला असायचा. सेल्मा बोटांकडे बघायची.

१९९६ च्या मार्चमध्ये फोन वाजला. बाईचा आवाज, अनोळखी. "तुम्ही सेल्मा झेल्निक का? मी मार्शा. एस्टेलची मुलगी. बाबांच्या वहीत तुमचं नाव सापडलं. त्यांनी पुढे लिहिलंय, 'सणाला फोन करते.'" हर्ब तीन वर्षांपूर्वीच गेला होता. सेल्माला कुणी कळवलं नव्हतं. तेव्हापासून सणाला लावलेला फोन नुसताच वाजत राहायचा. "आईचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणतात, आठवडे. तुम्ही कोण आहात तेही मला नीट माहीत नाही. आई म्हणते, एक बहीण आहे, आमचं पटलं नाही. एवढंच. पण मला वाटलं, सांगावं."

सेल्मा सकाळच्या गाडीने गेली. रुग्णालयाच्या पलंगावर एक बारकी म्हातारी बसली होती आणि जेलीचा पेला चमच्याने नुसता ढवळत होती. बेचाळीस वर्षांनी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"म्हातारी झालीस," एस्टेल म्हणाली.

"तू नाही झालीस वाटतं."

"बस. ती खुर्ची मोडकी आहे, पलीकडची घे."

सेल्मा बसली. तिने पर्स मांडीवर घेतली. मग एस्टेलने विचारलं, "अजून वाजवतेस?"

"बुधवारी. वाचनालयात."

"ते पण?"

"लोक मागतात."

"मागणारच." एस्टेलने पेला बाजूला ठेवला. "बाजारात लागायचं ते. मी टोपली आहे तिथे सोडून मार्शाला ओढत बाहेर यायचे. तिला वाटायचं, आईला वेड लागलंय. तीन दुकानं सोडली मी त्याच्यापायी. मग चौथ्यातही लागलं. कुठवर दुकानं सोडणार?"

"एस्टेल, मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"गाणं–"

"गाणं त्यांनी घेतलं. ते लोक तसलेच. तू नाही म्हणाली असतीस तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, हे मला त्याच दिवशी गाडीत कळलं होतं. मी काही मूर्ख नव्हते." ती दम घ्यायला थांबली. "तू मला खानावळीत सांगितलं असतंस तर काय झालं असतं, सांगू? मी रडले असते. सगळ्या लोकांसमोर. आणि तू मला धरलं असतंस. मग दोन वाजता आपण दोघी आत गेलो असतो. गाणं तरीही गेलंच असतं. पण तू धरलेलं असतंस ना."

सेल्माला रडू फुटलं. तिने हात पुढे केला. एस्टेलने तो हात घेतला नाही, झिडकारलाही नाही. त्याच्याकडे बघत राहिली, एखाद्याच्या हातातली वस्तू बघावी तशी.

"इतक्या वेळा मी मनात तुझ्याशी भांडले," ती म्हणाली, "की आता खरी समोर आलीस तर मला काहीच उरलेलं नाही बघ. जा आता. दमले मी."

"उद्या येऊ?"

एस्टेलने डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी सेल्मा पुन्हा गेली. दारावरच्या परिचारिकेने यादी बघितली आणि ओशाळून म्हणाली, "फक्त मुलीला आत सोडायचं, असं त्यांनी सांगितलंय. माफ करा हं." सेल्मा खाली बाकावर तासभर बसली आणि परतली. तिसऱ्या दिवशी तिने जायचं टाळलं. नवव्या दिवशी मार्शाचा फोन आला.

सुतकाच्या दिवसांत ती योन्कर्सच्या घरी गेली. रिवाजाप्रमाणे आरशांवर चादरी टाकलेल्या होत्या, टेबलावर उकडलेली अंडी आणि शेजाऱ्यांनी आणलेले केक. माणसं गेल्यावर मार्शा तिला स्वयंपाकघरात घेऊन आली. अडतीस वर्षांची, दमलेली, आईचीच हनुवटी.

"आता सांगा, आंटी सेल्मा. काय झालं होतं तुमच्यात?"

सेल्माने सांगितलं. मार्शा मध्येच म्हणाली, "थांबा, थांबा. कोण गायचं?"

"तुझी आई."

"माझी आई?" ती हसली. "आंटी, आई वाढदिवसाला केक कापतानासुद्धा नुसते ओठ हलवायची. आम्ही तिची थट्टा करायचो. बाबा म्हणायचे, तिला सूर कळत नाही, तिला त्रास देऊ नका." बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. "बाबांना माहीत होतं?"

"माहीत असणार."

सेल्माने तिला त्या बुधवारचं सगळं सांगितलं. हॅटवाल्या बायका, न थांबणाऱ्या टाळ्या, वन्स मोअर. मार्शा चेहरा हातांत धरून ऐकत राहिली. मग तिला राग आला, आणि तो बरोबरच होता. "एका गाण्यासाठी बेचाळीस वर्षं? मला मावशी होती आणि मला ती मिळाली नाही, एका गाण्यासाठी?"

"गाण्यासाठी नाही ग."

"मग कशासाठी?"

सेल्माने तिला पावाच्या तुकड्याबद्दल सांगायचा प्रयत्न केला. धड सांगता आलं नाही. मार्शाने नाक पुसलं आणि म्हणाली, "ते गाणं मी कधी पुरतं ऐकलेलंच नाही. लागलं की आई मला बाहेर ओढायची. पुढे मोठी झाल्यावर मीच बंद करायचे, सवयीने. शेवटी काय होतं त्यात? येतो का तो?"

"नाही," सेल्मा म्हणाली.

मार्शा आता दर रविवारी फोन करते. गुडघ्यांबद्दल, हवेबद्दल, मुलाच्या परीक्षेबद्दल बोलते. बॉस्टनमधल्या त्या दिवसाबद्दल दोघी बोलत नाहीत. मार्शाने एकदाच विचारलं होतं, आईच्या आवाजाची एखादी तबकडी, एखादी फीत कुठे असेल का? सेल्माने शोधलं. थिएटरच्या जुन्या माणसांना पत्रं लिहिली, संग्रहालयात जाऊन पेट्या उघडून घेतल्या. कार्यक्रमपत्रिकेत नाव सापडलं, खालून चौथं. आवाज नव्हता. बाहेरगावच्या दुपारच्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण कोण करणार?

म्हणजे तो आवाज आता फक्त सेल्माच्या डोक्यात होता, आणि कदाचित बॉस्टनमधल्या एखाददुसऱ्या म्हातारीच्या. ती दुपारी जेवण आटोपून टेबलाशी बसायची, डोळे मिटायची आणि आठवायला लागायची. बाकी सगळं लगेच यायचं : इस्त्री धरलेला हात, मानेवर चिकटलेले केस, श्वास घेण्याआधी किंचित वर उचललेली हनुवटी. तोंड उघडायचं, आणि आत व्हिव्हियन डेल गायला लागायची. तिला बाजूला सारलं, की रेडिओवरचा कुणीतरी, मग लिफ्टमधली व्हायोलिनं, मग तळघरातली परिचारिका आणि बसवाला आणि शिंपीण. चाळीस वर्षांत हजार गळ्यांनी ते गाणं म्हटलं होतं, आणि सगळे एस्टेलच्या पुढे रांगेत उभे होते. सेल्मा एकेकाला हटवत राहायची. कधी कधी, फार थोडा वेळ, त्या गर्दीच्या पार मागे काहीतरी तलम असं हललंसं वाटायचं. ती जागची हलायची नाही, श्वाससुद्धा रोखून धरायची. मग रस्त्यावरून एखादी गाडी जायची, आणि ते जायचं.